‘ॲव्हरेज’ नेमकं कुणाचं? मायलेजचे नियम, चपळ छोट्या गाड्या आणि भोर-वेल्ह्याचे घाट

गाड्यांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: “सरकारने मायलेजचे नियम आणले आणि पळणाऱ्या छोट्या गाड्या संपल्या.” पोलो जीटी गेली, अबार्थ पुंटो गेली, बलेनो आरएस गेली. नियम आले, गाड्या गेल्या, म्हणजे नियमांमुळेच गेल्या, असा हा हिशोब.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी हे वाक्य फार उपयोगी आहे. त्यात एक कारण आहे, एक परिणाम आहे आणि दोन्ही तारखांनिशी तपासता येतात. आजच्या लेखात तेच करू. कोणता नियम कधी आला, कोणती गाडी कधी आली आणि कधी गेली, हे एका रांगेत मांडू आणि बघू की वाक्य टिकतं का.

तपासायला भूमी घेतली आहे भोर आणि वेल्हे (सरकारी नोंदीत आता राजगड तालुका). याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे या गोष्टीतली बरीच पात्रं पुणे जिल्ह्यातलीच आहेत: चाकणला फोक्सवॅगन, रांजणगावला फियाट, पिंपरी-चिंचवडला टाटा, आणि गाड्यांची अधिकृत चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, १९६६ पासून. दुसरं कारण रस्त्यांचं. चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जा, पाबे घाट चढा, किंवा कापूरहोळवरून भोर, पुढे निरा देवघरच्या पाण्याकडेने वरंधा घाटातून महाडला उतरा. गाडी चपळ आहे की नाही हे अशा रस्त्यावर कळतं. चार माणसं आणि डिकीत तांदळाची दोन पोती घेऊन चढाला लागलं, पुढे ट्रक आला आणि गाडीने दम टाकला, की तिच्या जाहिरातीतला मायलेजचा आकडा काही कामाला येत नाही.

एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्याकडे लोक विचारतात, “गाडी ॲव्हरेज किती देते?” म्हणजे माझी गाडी एका लिटरला किती किलोमीटर जाते. कायद्यातही ‘ॲव्हरेज’ हाच शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ वेगळा. तिथे एका गाडीचं नाही, तर कंपनीने त्या वर्षात विकलेल्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी मोजतात. कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी, आद्याक्षरं जोडून ‘कॅफे’. पुढची निम्मी गफलत या दोन अर्थांच्या घोळातून होते.

ही कल्पना अमेरिकेतली. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १९७५ मध्ये अमेरिकेने ऊर्जा धोरणाचा कायदा केला. १९७८ च्या गाड्यांसाठी कंपनीची सरासरी गॅलनला १८ मैल हवी, म्हणजे लिटरला साधारण ७.७ किलोमीटर. १९८५ साठी २७.५ मैल, म्हणजे सुमारे ११.७ किलोमीटर. पण सामान वाहणाऱ्या हलक्या ट्रकांसाठी वेगळा, सैल आकडा ठेवला. पुढे जीपसारख्या उंच गाड्या त्याच सैल रकान्यात बसल्या आणि घराघरांत गेल्या. नियम लिहिताना पाडलेला रकाना बाजार कसा वळवतो, याचं हे नेहमीचं उदाहरण.

चपळ छोट्या गाड्यांची ज्या गाडीपासून ओळख सांगतात ती फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय १९७६ ची: १.६ लिटर इंजिन, ११० पीएस ताकद, वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास. ती जर्मनीत जन्मली. अमेरिकेत ‘रॅबिट जीटीआय’ म्हणून पोचली १९८३ मध्ये. म्हणजे अमेरिकी नियमाने तिला जन्म दिला असं म्हणता येत नाही, आणि मारलं असंही नाही. नियम कडक होत असतानाच ती तिथे विकली गेली.

हे कसं शक्य झालं? सरासरीचं गणित करून पाहू. समजा एका कंपनीने लिटरला २२ किलोमीटर देणाऱ्या १ लाख गाड्या विकल्या आणि १६ किलोमीटर देणाऱ्या १ हजार चपळ गाड्या. १०० किलोमीटरला पहिल्या गाडीला ४.५४५ लिटर लागतात, दुसरीला ६.२५. सगळ्यांची सरासरी येते ४.५६ लिटर, म्हणजे लिटरला २१.९ किलोमीटर. हजार उधळ्या गाड्यांनी कंपनीचा आकडा ०.१ ने हलला. ‘ॲव्हरेज’ कंपनीचं असेल तर मूठभर चपळ गाड्या त्यात सहज लपतात.

जाता जाता एक सूचना. वरचं गणित लिटर प्रति १०० किलोमीटरमध्ये केलं, किलोमीटर प्रति लिटरमध्ये नाही. एक गाडी १० देते, दुसरी ३०, तर सरासरी २० नाही. दोघींनी शंभर-शंभर किलोमीटर पळायचं तर १० आणि ३.३३ लिटर लागतात. २०० किलोमीटरला १३.३३ लिटर, म्हणजे सरासरी १५. बऱ्याच प्रकल्प अहवालांत ही चूक सापडते. म्हणूनच कायद्याने हिशोब लिटर प्रति १०० किलोमीटरमध्ये ठेवला आहे.

भारतातली पहिली रेष मायलेजची नव्हती

आता भारतात या. इथे चपळ छोट्या गाडीचा आकार ठरवणारी तारीख २८ फेब्रुवारी २००६ आहे, आणि ती अर्थसंकल्पाची आहे. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी ‘छोट्या गाडी’ची व्याख्या केली: लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. यात बसणाऱ्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. बाकीच्यांचं तसंच राहिलं.

या व्याख्येत काय नाही ते बघा. त्यात मायलेज नाही, वजन नाही, धूर नाही. आहेत फक्त फूटपट्टीने आणि इंजिनाच्या घनफळाने मोजता येणाऱ्या दोन गोष्टी. कर वसूल करणाऱ्याला हे सोयीचं. लांबीवर वाद घालता येत नाही.

परिणाम लगेच दिसू लागले. २००५ मध्ये आलेली स्विफ्ट १,२९८ सीसीची होती. लांबी बसत होती, इंजिन ९८ सीसीने बाहेर. २०१० मध्ये तिला १,१९७ सीसीचं इंजिन आलं, ताकद जवळजवळ तेवढीच. ह्युंदाई गेट्झ १.३ लिटरची होती, २००७ मध्ये तिला १.१ लिटरचं इंजिन मिळालं. पुण्यात टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली: डिकी कापून ४ मीटरच्या आत बसवलेली सेडान. २०१२ ची डिझायर त्याच वाटेने गेली, ३,९९५ मिलिमीटर. हा ३,९९५ चा आकडा आता भारतीय गाड्यांच्या माहितीपत्रकात इतक्यांदा येतो की तो अभियांत्रिकीचा आकडा वाटत नाही, अर्थसंकल्पाचाच वाटतो.

आणि हे फक्त शहरी गाड्यांपुरतं नाही. वेल्ह्याच्या बाजूला वडाप म्हणून, दूध-भाजी घेऊन, लग्नाची वरात घेऊन फिरते ती बोलेरो बघा. जुन्या बोलेरोत अडीच लिटरचं डिझेल इंजिन होतं आणि लांबी ४.१ मीटर. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली: १,४९३ सीसी, लांबी ३,९९५ मिलिमीटर. डोंगरात चालणाऱ्या दणकट जीपलासुद्धा दिल्लीत आखलेल्या रेषेच्या आत यावं लागलं. इंजिन एक लिटरने लहान झालं, ताकद मात्र ६३ वरून ७० अश्वशक्तीवर गेली.

हीच गोष्ट पोलोत अजून स्वच्छ दिसते. २०१० मध्ये चाकणची पोलो १.६ लिटर पेट्रोल इंजिनात मिळायची: १,५९८ सीसी, १०५ पीएस, १५३ न्यूटन-मीटर ओढ. गाडी ३.९७ मीटरची, म्हणजे लांबीत ‘छोटी’, पण इंजिनात ‘मोठी’. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. १,१९७ सीसी, टर्बो, ताकद तीच १०५ पीएस, ओढ १७५ न्यूटन-मीटर आणि ती १,५०० फेऱ्यांपासूनच मिळणारी. २०१२ च्या अर्थसंकल्पानंतर छोट्या गाडीवर १२ टक्के शुल्क होतं आणि दीड लिटरहून मोठ्या इंजिनाच्या गाडीवर २७ टक्के. कारखान्यातून बाहेर पडताना ५ लाखांची गाडी धरली तर हा फरक ७५ हजारांचा. ४०० सीसी कमी करून ताकद तेवढीच राखायला टर्बोचा खर्च येतो, पण करातल्या फरकातून त्याची बरीच भरपाई होते.

यातून आपला पहिला निष्कर्ष निघतो. भारतात चपळ छोटी गाडी म्हणजे ‘४ मीटर, १.० किंवा १.२ लिटर, टर्बो’ हा साचा २०१३ मध्येच तयार होता. मायलेजचा नियम तोपर्यंत लागूच झाला नव्हता.

मायलेजचा नियम: वजनावर बेतलेली पट्टी

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली ऊर्जा मंत्रालयाने प्रवासी गाड्यांच्या सरासरी इंधन वापराची अधिसूचना जानेवारी २०१४ मध्ये काढली. पहिला टप्पा २०१७-१८ पासून, दुसरा २०२२-२३ पासून. सूत्र साधं आहे. कंपनीने विकलेल्या गाड्यांचं सरासरी रिकामं वजन ‘व’ किलो धरा. मग १०० किलोमीटरला परवानगी असलेलं इंधन लिटरमध्ये असं:

पहिला टप्पा: ०.००२४ × (व − १०३७) + ५.४९२२
दुसरा टप्पा: ०.००२ × (व − १०८२) + ४.७६९४

वजन नेमकं १,०३७ किलो असेल तर पहिल्या टप्प्यात ५.४९ लिटर, म्हणजे लिटरला १८.२ किलोमीटर, कार्बन डायऑक्साइडमध्ये किलोमीटरला १३० ग्रॅम. दुसऱ्या टप्प्यात १,०८२ किलोला ४.७७ लिटर, म्हणजे जवळजवळ २१ किलोमीटर आणि ११३ ग्रॅम.

आता वजन बदलून बघा, खरी गंमत तिथे आहे. दुसऱ्या टप्प्यात ८०० किलोच्या गाडीला ४.२१ लिटर, म्हणजे लिटरला २३.८ किलोमीटरचं लक्ष्य. १,५०० किलोच्या गाडीला ५.६१ लिटर, म्हणजे १७.८ किलोमीटर. गाडी जड तर लक्ष्य सैल. (हिशोब कंपनीच्या सरासरीवर होतो, इथे समजण्यापुरती एकेक गाडी घेतली आहे.) यामागचा विचार असा की मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला तिच्याच गटात सुधारायला लावावं. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर गाडीचं वजन घटवून इंधन वाचवणाऱ्याचं लक्ष्यही खाली सरकतं, आणि त्याच्या मेहनतीचा काही भाग सूत्रच परत घेतं.

आता दावा तपासू

पोलो जीटी टीएसआयचा एआरएआयने प्रमाणित केलेला आकडा होता लिटरला १७.२ किलोमीटर. वजन सुमारे १,१०० किलो. पहिल्या टप्प्याच्या सूत्रात हे वजन घातलं तर लक्ष्य येतं १७.७. फरक अर्ध्या किलोमीटरचा. म्हणजे ही गाडी रेषेच्या अगदी जवळ होती. कंपनीच्या सरासरीत ती नखाएवढी जागा व्यापणार. पहिल्या टप्प्याने तिला मारलं हे गणितात बसत नाही.

मग तारखा बघू. बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये आली, म्हणजे पहिला टप्पा लागू होता होताच. टियागो जेटीपी ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे नियम लागू झाल्यावर दीड वर्षाने. मायलेजचा नियम चपळ गाड्यांचा काळ असता तर त्या अशा वेळी बाजारात का आल्या असत्या? आणि गेल्या कधी? बलेनो आरएस, टियागो जेटीपी आणि १.२ टीएसआयची पोलो, या तिघींचा शेवट २०२० च्या उंबरठ्यावर आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला. प्रत्येक इंजिन नव्याने तयार करून पुन्हा प्रमाणित करायचं. वर्षाला थोड्याच विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. तारखांचा घोळका मायलेजच्या नियमाभोवती नाही, धुराच्या नियमाभोवती आहे.

इथेही घाई नको. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना धडक चाचणीचे नियम लागू झाले, त्याच वर्षी बाजार मंदावला होता, आणि गिऱ्हाईक उंच गाड्यांकडे वळत होतं. एकाच वेळी चार गोष्टी घडल्या की कारण वेगळं काढणं अवघड होतं. म्हणून “बीएस-६ नेच मारलं” असं ठाम लिहिण्यापेक्षा “तारखा बीएस-६ शी जुळतात, कॅफेशी जुळत नाहीत” एवढंच लिहायचं. पुरावा तितकाच आहे.

शिवाय बीएस-६ नंतर पोलो थांबली नाही. २०२० मध्ये तिला ९९९ सीसीचं टर्बो इंजिन आलं, ११० पीएस आणि १८.२४ किलोमीटर. आधीपेक्षा जोरात आणि आधीपेक्षा काटकसरी. पाठोपाठ २०२१ मध्ये आय-२० एन लाइन आणि पुण्यातच बनणारी अल्ट्रोझ आय-टर्बो आली. तोच ४ मीटरचा साचा.

दाव्याच्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा २०२२ चा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. दुसरा टप्पा २०२२-२३ पासून लागू झाला आणि पोलो भारतात बंद झाली तीही २०२२ मध्येच. दुसऱ्या टप्प्यात १,१०० किलोला लक्ष्य २०.८ किलोमीटर, पोलोचा १८.२४ आता स्पष्टपणे मागे. हे खरं. पण त्याच जातीचं एक लिटर टर्बो इंजिन टायगुन आणि व्हर्टसमध्ये चालू राहिलं. टायगुनचं वजन सुमारे १,२०० किलो. तिला लक्ष्य २०.० किलोमीटर. इंजिन तेच, गाडी जड आणि उंच, आणि सूत्रात तिला पाऊण किलोमीटरची सूट. परदेशातली नवी पोलो तर २०१७ पासूनच ४.०५ मीटरची आहे. म्हणजे २००६ च्या रेषेच्या ५ सेंटिमीटर बाहेर. जुनी पोलो म्हातारी झाली होती आणि नवी इथल्या कराच्या चौकटीत मावत नव्हती.

तेव्हा दावा असा दुरुस्त करावा लागतो: मायलेजच्या नियमाने चपळ छोट्या गाड्या संपवल्या नाहीत. त्यांचा आकार कराने ठरवला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा शेवट धुराच्या नियमाच्या वेळी झाला, आणि मायलेजच्या नियमाने हलक्या गाडीपेक्षा जड गाडीला थोडी मोकळी जागा दिली. पहिलं वाक्य गप्पांना बरं होतं. हे वाक्य लांब आहे, पण तपासलेलं आहे.

चाचणीत घाट नाही

आता भोर-वेल्ह्याकडे परत. वर जे १७.२, १८.२४ असे आकडे आले ते कुठून येतात? गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने चालवतात. या क्रमाचं नाव सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल. १,१८० सेकंद, सुमारे १०.६ किलोमीटर, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. मूळ युरोपचा क्रम, तिथला १२० चा वेग आपल्याकडे ९० वर आणलेला. एसी बंद. रस्ता सपाट.

सपाट रस्ता धरल्याने किती फरक पडतो? अकरावीच्या भौतिकशास्त्रावर होणारा हिशोब आहे. गाडी १,१०० किलो, माणसं आणि सामान ३०० किलो, एकूण १,४००. ३०० मीटर उंची चढायला लागणारी ऊर्जा: १,४०० × ९.८१ × ३००, म्हणजे सुमारे ४१ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये ३.२ कोटी ज्यूल असतात. इंजिन त्यातले ३० टक्के चाकापर्यंत पोचवतं असं उदारपणे धरू. तर नुसती उंची गाठायला ४३० मिलिलिटर पेट्रोल. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी सपाटीवर तेवढ्यात साडेआठ किलोमीटर गेली असती. उतरताना हे पेट्रोल परत मिळत नाही. त्यातलं बरंचसं ब्रेकच्या उष्णतेत जातं.

ताकदीचाही हिशोब करा. ७ टक्के चढावर ताशी ४० च्या वेगाने हीच गाडी न्यायची तर फक्त चढासाठी सुमारे १०.७ किलोवॅट, म्हणजे साडेचौदा पीएस लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. आकडा मोठा नाही, ८५ पीएसच्या गाडीला सहज जमायला हवा. अडचण अशी की ८५ पीएस मिळतात ६,००० फेऱ्यांना. वळणावर वेग पडून इंजिन १,८०० फेऱ्यांवर आलं की साध्या १.२ लिटर इंजिनाकडे तेव्हा फारसं काही नसतं. गिअर दुसरा, पाय तळाला, आणि मायलेजचा आकडा जमिनीवर. टर्बो इंजिनाची ओढ दीड हजार फेऱ्यांपासून असते म्हणून ते तिसऱ्या गिअरमध्ये ओढून नेतं. भोरच्या माणसाला ‘पळणारी गाडी’ हवी असते ती शर्यतीसाठी नाही. वरंध्याच्या अरुंद वळणावर पुढच्या टेम्पोला दोन-तीन सेकंद कमी घेऊन ओलांडता यावं, एवढ्यासाठी.

म्हणजे इथे चपळपणा ही सुरक्षेची आणि उपयोगाची गोष्ट आहे, आणि तिला तीनही नियमांत रकाना नाही. कर बघतो लांबी आणि सीसी. कॅफे बघतं वजन आणि सपाट रोलरवरचं इंधन. १ एप्रिल २०२३ पासून खऱ्या रस्त्यावर उपकरण लावून धूर मोजायला सुरुवात झाली, पण ती प्रदूषकांसाठी; कॅफेचा हिशोब अजून रोलरवरच्या आकड्यावर चालतो.

हे आज का महत्त्वाचं

कारण रेषा पुन्हा आखल्या जात आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के. व्याख्या तीच, २००६ ची: ४ मीटर, १,२००, १,५००. त्याच महिन्यात कॅफेच्या तिसऱ्या टप्प्याचा मसुदा आला. त्यात ९०९ किलोपर्यंतच्या, ४ मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरला ३ ग्रॅमची सूट सुचवली होती. छोट्या गाड्या विकणारी मारुती सवलतीच्या बाजूने उभी राहिली, टाटा आणि महिंद्रा विरोधात. ९०९ किलोच का, यावर भांडण झालं. आता तुम्हाला माहीत आहे की भांडण का होतं: २००६ ला फूटपट्टीने मारलेल्या एका रेषेने वीस वर्षांच्या गाड्यांचा आकार ठरवला. वजनाची रेष मारली तर पुढच्या दहा वर्षांत ९०५ किलोच्या गाड्या दिसतील. गाडी हलकी होणं इंधनासाठी चांगलंच. पण वजन रेषेखाली ठेवायला टर्बो किंवा मजबुतीचा पत्रा काढला जाणार असेल, तर त्याची किंमत पाबे घाटात चढणारा मोजेल.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी

१. आधी कालरेषा, मग कारण. “अमुक नियमामुळे तमुक झालं” असं वाक्य दिसलं की दोन रकाने करा: नियम अधिसूचित झाल्याची तारीख आणि लागू झाल्याची तारीख. कॅफेच्या बाबतीत यांत तीन वर्षांचं अंतर आहे. कंपन्या पहिल्या तारखेपासून तयारी करतात, गिऱ्हाईकाला दुसरी तारीख कळते.

२. शेजारचे नियम तपासा. कर, धूर, धडक चाचणी आणि मायलेज हे चार नियम एकाच खात्यातून येत नाहीत, पण गाडी एकच असते. एकाच नियमाचा अभ्यास केला तर सगळे परिणाम त्याच्याच नावावर जमा होतात.

३. मोजमापात काय नाही ते लिहा. प्रबंधाच्या ‘मर्यादा’ या प्रकरणात आपण दोन ओळी टाकतो आणि सुटतो. खरं तर कित्येकदा विषय तिथेच दडलेला असतो. चाचणीत चढ नाही, ही एक मर्यादा. पण सह्याद्रीतल्या तालुक्यांसाठी तोच प्रश्न आहे.

आणि ज्यांना हाताने काही करून बघायचंय त्यांच्यासाठी: मोबाइलच्या जीपीएसवर उंची नोंदवता येते आणि साध्या ओबीडी उपकरणाने इंजिनाचा भार आणि फेऱ्या वाचता येतात. नसरापूर ते वेल्हे आणि भोर ते वरंधा असे दोन मार्ग घ्या, एक सपाट मार्ग तुलनेला घ्या, तीच गाडी, तोच चालक, तेवढंच वजन ठेवून किमान दहा-दहा फेऱ्या करा. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे बंद होतो, तेव्हा कामाला दिवाळीनंतरच लागा. जाताना आणि येतानाचं इंधन वेगवेगळं नोंदवा, एकत्र करू नका. चढ-उताराचा फरक त्यातच आहे. आणि सरासरी काढताना लिटर प्रति १०० किलोमीटर.